पाहुण्याचा कागद

कॉलेजच्या मैदानाला सिमेंटची एक गॅलरी होती आणि त्या गॅलरीच्या पोटात माझी खोली. खोलीचं छत म्हणजे वरच्या पायऱ्यांची उलटी बाजू. दाराशी ताठ उभं राहता यायचं आणि मागच्या कपाटापाशी पोचेपर्यंत माणूस अपराध्यासारखा वाकलेला असायचा. तिथे मी तेवीस वर्षं खेळाडूंच्या हृदयाचे कागद काढले. काम काय करतेस असं कुणी विचारलं तर मी सांगायची, पोरांच्या छातीत काय चाललंय ते लिहून घेते. माझी धाकटी बहीण म्हणायची, "म्हणजे चहाडखोरच की तू."

हंगाम सुरू होण्याआधी एक दिवस तपासणीचा असे. सकाळी आठपासून खेळाडू ओळीने यायचे. खाटेवर निजायचं, हातापायांना पट्टे, छातीवर रबरी वाट्या, आणि यंत्राची तापलेली सुई मेणकट कागदावर काळी रेघ ओढत जायची. कागद कापायची पात मी यायच्या आधीच तुटलेली होती. नवी पात येणार येणार म्हणता कधीच आली नाही. मी कागद हातानेच फाडायची. म्हणून प्रत्येक कागदाची कड निराळी, कुठे दाते, कुठे जीभ बाहेर आल्यासारखी.

डॉक्टर आतल्या खोलीत बसत. त्यांचा एक नियम होता. खेळाडूचा चेहरा बघायचा नाही, नाव विचारायचं नाही. कागदावर फक्त क्रमांकाचा शिक्का, आणि कोणता क्रमांक कोणाचा ते माझ्या वहीत. ते कागद वाचून खाली पात्र किंवा अपात्र लिहीत आणि सही करत. मग मी वहीतून नावं लावायची, यादी करायची, आणि पाच वाजता ती फळ्यावर लागायची. एकदा लागली की लागली. प्राचार्यांनासुद्धा ती बदलता येत नसे. फार पूर्वी डॉक्टरांनी एका कप्तानाचा चेहरा बघून सही केली होती म्हणे. पुढचं त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गॅलरीच्या भिंतीवर त्या कप्तानाच्या नावाची संगमरवरी पाटी होती, तेवढी मला पुरे होती.

माझीही एक सवय होती. यंत्र नीट चालतंय ना हे बघायला सकाळचा पहिला कागद मी स्वतःचा काढायची. त्यावर शिक्का नसे. तो दिवसभर माझ्या चहाच्या कपाखाली असायचा आणि संध्याकाळी केरात जायचा.

नोकरीच्या पहिल्याच वर्षाअखेरीस माझी बहीण गेली. एकतीस वर्षांची होती. स्वयंपाकघरात भांडी घासत होती आणि खाली बसली ती उठलीच नाही. नळ तसाच चालू होता. हातातली बशी फुटलीदेखील नव्हती. कारणाच्या रकान्यात लिहिलं, हृदय बंद पडून. कोणाचं बंद पडत नाही? तिची मुलगी सात वर्षांची. मेहुण्यांची नोकरी बोटीवरची, म्हणून पोर माझ्याकडे आली. काड्यांसारखे पाय आणि कर्कश आवाज, तिला आम्ही टिटवी म्हणायचो. टिटवी ओरडली की वाईट असं लोक मानतात. आमची टिटवी सकाळी ओरडली नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

त्यानंतरच्या तपासणीला बेचाळीस खेळाडू होते. शेवटचा गेला, मी पट्टे पुसले, वाट्या उलट्या मांडल्या आणि कागद मोजले. त्रेचाळीस.

पुन्हा मोजले. त्रेचाळीसच. सर्वांत खालच्या कागदावर त्रेचाळीस क्रमांकाचा शिक्का, मी मारते तसाच डावीकडे कललेला. कागद मात्र जुनाट, जरा पिवळा, पुष्कळदा हाताळल्यासारखा मऊ. वहीत नावं बेचाळीस. मी खाटेकडे पाहिलं. नुकतेच पुसून ठेवलेले पट्टे ओले होते.

डॉक्टरांनी तो कागद बराच वेळ धरला. तीन मोठे ठोके, मग एक विसावा, नको इतका लांब, आणि मग दोन घाईचे. पुन्हा तीन, विसावा, दोन.

"हा कोण, बाई?"

"वहीत नाही, डॉक्टर."

"वहीत नसेना का. जो कोणी असेल त्याने धावता कामा नये." त्यांनी लिहिलं, अपात्र. सही केली. मी तो कागद खालच्या खणात टाकला आणि घरी जाऊन टिटवीला भात भरवला. ती म्हणाली, "मावशी, तुझे हात गार का?"

पुढच्या वर्षी मी शिक्का स्वतःच्या खिशात ठेवला. दार बंद करून तीनदा मोजलं. अडतीस खेळाडू, एकोणचाळीस कागद. तेच हृदय. तिसऱ्या वर्षी तेच. माणसाला कशाचीही सवय होते हे मी त्या खोलीत शिकले. चौथ्या वर्षापासून डॉक्टर दारातूनच विचारायचे, "बाई, पाहुणा आला का?" आणि मी म्हणायची, "आलाय, बसलाय." मग ते म्हणायचे, "आधी त्याचं आटपू, उगाच ताटकळत नको." बाकी सगळ्यांच्या आधी पाहुण्याचा कागद, त्यावर अपात्र, सही, खालचा खण. आमच्या या पद्धतीबद्दल आम्ही बाहेर कुणाला चकार शब्द सांगितला नाही. सांगणार तरी काय? आणि वरच्या गॅलरीत, त्या दिवशी कुणी बसलेलं नसताना, कधीकधी पावलं वाजायची. एक पायरी, दोन, तीन. मग थांबायची. मग घाईने दोन.

अशी दहा वर्षं गेली, दहा कागद झाले.

अकराव्या वर्षी टिटवी आमच्याच कॉलेजात आली. आठशे मीटर धावायची. मी धावण्यातलं फार जाणत नाही, पण शेवटच्या वळणावर ती अशी काही निघायची की मैदानावरचा माळी पाण्याची नळी धरून उभाच राहायचा आणि चिखल करायचा. कोचना सगळे शिट्टी म्हणत, कारण गळ्यातली शिट्टी ते आंघोळीलाही काढत नसावेत अशी सगळ्यांना शंका होती. ते मला म्हणाले, "बाई, तुमची भाची मला देऊन टाका. दोन वर्षांत देशाच्या संघात नाही घातली तर ही शिट्टी गिळतो."

"आधी शिट्टी धुवून घ्या," मी म्हटलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी टिटवीने बूट धुतले, नाड्या धुतल्या आणि उन्हात वाळत घातल्या. "मावशी, माझा कागद चांगला काढ हं. जरा पावडर-बिवडर लावून."

"हृदयाला पावडर लागत नाही."

"तुझ्या हातात आहे सगळं. नाही म्हणू नकोस. वही कोणाकडे असते?" ती हसत म्हणाली. नंतर बूट हातात घेऊन हळूच म्हणाली, "मला दुसरं काही येत नाही गं. गणितात काय दिवे लावलेत ते तुला माहीतच आहे. धावताना मी कोणाची तरी वाटते. कोणाची ते माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी तिचा क्रमांक चोवीस. खाटेवर निजली, गुदगुल्या होतात म्हणून खिदळली. "गप्प पड, नाहीतर रेघ नाचेल," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

तीन मोठे. विसावा. दोन घाईचे.

दहा वर्षांत तो कागद तयार होताना मी कधी पाहिला नव्हता. तो नेहमी झालेलाच सापडायचा. आता सुई माझ्या डोळ्यांदेखत तीच ओळखीची चाल काढत होती, ताजी काळी रेघ, आणि खाटेवर माझी पोर छताकडे बघत पाय हलवत होती.

"झालं?"

"झालं. जा."

"कसं आहे?"

"माणसासारखं आहे. जा, बाहेर रांग आहे."

तिचा कागद फाडून मी शिक्का न मारता झग्याच्या खिशात घातला. चोवीसची जागा मोकळी ठेवून पुढचे सगळे काढले. मनात म्हणत होते, पाहुणा यंदा लवकर आला, घाईत त्याने तिची जागा घेतली, एवढंच. संध्याकाळी तो नेहमीसारखा येईल, मग दोघांचे दोन कागद होतील आणि बघू.

एक्कावन्न खेळाडू होते. शेवटचा गेला. मी पट्टे पुसले आणि मोजायला बसले. चोवीस सोडून पन्नास कागद. पाहुणा नव्हता. पट्ट्यांना हात लावून पाहिला, कोरडे ठणठणीत. वर पावलं नाहीत. इतकी शांत ती खोली मी कधी ऐकली नव्हती.

आतून डॉक्टर म्हणाले, "बाई, पाहुणा आला का?"

माझ्या कपाखाली सकाळचा माझाच कागद होता. मी तो उचलला, उजेडात धरून पाहिला, डाग नाही असं स्वतःला सांगितलं आणि त्यावर शिक्का मारला, चोवीस. मग खिशातला टिटवीचा कागद काढला आणि त्यावर मारला, बावन्न.

"आलाय," मी म्हटलं. "बसलाय."

डॉक्टरांनी आधी त्याचंच आटपलं. अपात्र, सही. कागद माझ्याकडे देताना जरा थांबले. "यंदा पाहुणा नवा कोरा दिसतोय," म्हणाले. ते बाकीच्या गठ्ठ्याकडे वळले.

खालचा खण उघडला तेव्हा पावणेचार झाले होते. कागद आत टाकायचा आणि खण लावून घ्यायचा, इतकंच काम होतं. पण दहा वर्षांत मी ते दहा कागद एकत्र कधी काढले नव्हते. त्या दिवशी काढले. खाटेवर वर्षांच्या क्रमाने मांडले, आणि दोन कागद जवळ आले तेव्हा लक्षात आलं की पहिल्याची उजवी कड आणि दुसऱ्याची डावी कड एकमेकींत बसते. दाते दात्यांत. दुसऱ्याची तिसऱ्यात. एका लांब कागदाचे तुकडे होते ते, माझ्याच हाताने फाडल्यासारखे. मी ते खाटेच्या उशापासून पायथ्यापर्यंत लावत गेले. जसजसे कागद पुढे जात होते तसतसा विसावा लांबत होता; दरवर्षी सवयीने वरवर बघून खणात टाकताना ते आम्ही टिपलंच नव्हतं. सहाव्या कागदात तिनाचे दोन झाले. नवव्यात एकच ठोका, मग नुसता रस्ता. दहाव्यावर, डॉक्टरांच्या सहीच्या जरा वर, शेवटची वीतभर रेघ सरळ होती.

पहिल्या कागदाची डावी कड मोकळी राहिली होती. तिथे काय बसेल हे मला कळलं होतं, तरी हात पुढे होईना. शेवटी टिटवीचा कागद तिथे टेकवला. जीभ खाचेत बसावी तसा तो बसला.

मी खाटेशेजारी खाली बसले. आता वर कोणीतरी चालत होतं. बाहेर टिटवीच्या मैत्रिणी फळ्यापाशी जमायला लागल्या होत्या आणि तिचा आवाज सर्वांत वर होता. नळ चालू असल्याचा आवाज येत होता असं मला आठवतं. त्या खोलीत नळ नव्हता.

डॉक्टरांच्या दारात गेले तेव्हा ते काही लिहीत नव्हते. त्यांच्यापुढे एकच कागद होता.

"चोवीस परत द्या, डॉक्टर."

"बसा, बाई. यावर मी सही केलेली नाही." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. कोपऱ्यात चहाच्या कपाचं अर्धं वर्तुळ होतं, फिकट, पण होतं. "तपासणीच्या दिवशी पोरं उपाशी असतात. आणि हे हृदय विशीतलं नाही. चांगलं आहे, पण चाळिशीतलं आहे. म्हटलं, पाच वाजेपर्यंत वाट बघू."

"आणि मी आले नसते तर?"

"तर मला इतक्या वर्षांचा नियम मोडून वही मागावी लागली असती."

मी त्यांना बाहेर आणलं आणि खाटेवरचा लांब कागद दाखवला. वाकून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. त्यांचा चष्मा खाली घसरला तो त्यांनी वर केला नाही.

"माझ्या बहिणीचं आहे का हे?" मी विचारलं. "ती गेली आणि त्याच वर्षी हे सुरू झालं. की पोरीचंच, पुढचं?"

"आपण नाव विचारत नाही, बाई," ते म्हणाले. मग बावन्नवर काट मारून त्यांनी चोवीस लिहिलं. अपात्र त्यावर आधीच लिहिलेलं होतं.

यादी मीच लावली. दुसऱ्या कोणाला लावू दिली नाही.

शिट्टी दाणदाण पाय आपटत आले. "बाई, हा काय पोरखेळ आहे? अकरा वर्षांत असे पाय आले नाहीत मैदानावर. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. मोठ्या दवाखान्यात नेऊ."

"न्या," मी म्हटलं. त्यांनी नेलंही. त्या डॉक्टरांनी तिच्या आईबद्दल विचारलं आणि फाइल मिटली.

टिटवी मात्र ओरडली नाही. तीच गोष्ट मला सहन झाली नाही. घरी येऊन तिने बूट दाराबाहेर ठेवले आणि म्हणाली, "वही तुझ्याकडे होती."

"हो."

"दुसऱ्यांच्या मावश्या साधं लग्न जमवायला वाटेल ते खोटं बोलतात. तुला एक कागद बदलता आला नाही?"

बदलला होता, हे मी तिला सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर परत का बदलला तेही सांगावं लागलं असतं, आणि खाटेवरच्या त्या वीतभर सरळ रेघेबद्दल अठरा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? मी म्हटलं, "जेवून घे." ती जेवली नाही. महिन्याभरात वडिलांच्या गावी गेली आणि तिथल्या कॉलेजात नाव घातलं. ज्या गणितात दिवे लावले होते, तेच पुढे शाळेत शिकवू लागली. मला पत्रं यायची, चार ओळींची. ती कशी आहे ते त्यात नसे, हवा कशी आहे ते असे.

पाहुणा पुन्हा आला नाही. त्यानंतरच्या अकरा वर्षांत खेळाडू जितके, कागद तितके. डॉक्टर तरी दारातून विचारायचे, सवयीने, आणि मी नाही म्हणायची. शेवटी शेवटी तर आम्हा दोघांनाही चुकल्यासारखं व्हायचं.

मी निवृत्त झाले तेव्हा ते अकरा कागद पाकिटात घालून घरी आणले. कोणी आक्षेप घेतला नाही. ते कोणाचे आहेत हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

आता मला चौऱ्याऐंशी वर्षं झाली. मागच्या महिन्यात टिटवी आली. छप्पन्न वर्षांची झालीये, केस कापलेत, नातू आहे, जिना चढताना मध्ये थांबते आणि थांबली नाही असं दाखवते. चहा झाला, गुडघ्यांबद्दल बोलून झालं. मग कप खाली ठेवून म्हणाली, "मावशी, इतकी वर्षं विचारलं नाही. तो कागद आहे का तुझ्याकडे?"

मी पाकीट आणून दिलं. तिने कागद काढले आणि तिचा चेहरा बघून मी चष्मा लावला. कागद कोरे होते. तसला कागद उजेडाने, उष्णतेने, नुसत्या वर्षांनीही पुसला जातो, हे मला माहीत असायला हवं होतं. माझं कामच होतं ते. रेघा गेल्या होत्या. राहिली होती ती डॉक्टरांची शाई. अपात्र, सही. अपात्र, सही. अकरा वेळा.

"वा," टिटवी म्हणाली. "एवढ्या वेळा लिहिलंय म्हणजे खरंच असणार. कशावर लिहिलंय ते मात्र दिसत नाही."

मी तिला सगळं सांगितलं. पाहुणा, ओले पट्टे, चहाच्या कपाचा डाग. मी कागद बदलला होता हेही सांगितलं. माझं सांगून झाल्यावर तिने जेवणाच्या टेबलावरचे कप बाजूला केले आणि कागद मांडायला लागली. क्रम मी सांगितला नव्हता. बावन्नवर काट मारून चोवीस केलेला कागद तिने सर्वांत डावीकडे ठेवला, त्याला पुढचा लावला, मग पुढचा. दाते दात्यांत. टेबल संपलं तिथे शेवटचा आला. त्याच्या कोऱ्या टोकावर बोट ठेवून ती बसून राहिली.

"इथे सरळ होती?"

"हो."

"मग आई होती ती," टिटवी म्हणाली. "मी तर आहे." जरा वेळाने म्हणाली, "आहे ना?"

मी तिचं मनगट हातात घेतलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची, अगदी तसंच. ती म्हणाली, "सोड, मावशी, काहीतरीच," पण हात काढून घेतला नाही. तेवीस वर्षं दुसऱ्यांचे ठोके मोजलेली बोटं माझी, अजून विसरलेली नाहीत.

एक. दोन. तीन.

मग विसावा आला. स्वयंपाकघरात नळ गळत होता. आम्ही दोघी तिथेच, हात हातात, कोणी हललं नाही. मी वाट बघत राहिले.

मग दोन, घाईचे.